आठ मिशा आणि एक पाठ

मित्रांनो, मी एक जुना ओंडका आहे, आणि माझ्या अंगाला माशांचा वास येतो हे आधीच सांगून टाकलेले बरे. पन्नास वर्षे मीठ लावून घासले तरी तो गेलेला नाही. तुम्ही नाकाला रुमाल लावून माझी गोष्ट ऐकलीत, तरी मला मुळीच राग येणार नाही.

मी जन्माने चिंचेचा. एका शाळेच्या मैदानाच्या कडेला आमचे झाड होते आणि चिंचा पाडण्यासाठी मुले आम्हाला दगड मारत. एका वादळात झाड आडवे झाले. बुंधा वखारीत गेला, तिथे त्याचे काप पडले. माझ्या पोटात गाठी फार होत्या. याची फळी निघायची नाही, असे म्हणून वखारवाल्याने मला जळणाच्या ढिगावर टाकले. तिथे मी पावसाळाभर पडून होतो. मग एक दिवस एक तरुण माणूस आला. तो ढिगावर चढला, बोटांच्या पेरांनी मला ठोकून पाहिले आणि म्हणाला, "गाठी आहेत म्हणूनच हवाय. हा लवकर चिरायचा नाही."

त्या माणसाने मला लोहाराकडे नेऊन कमरेला लोखंडी पट्टी बसवून घेतली. तीन पाय लावले. मग आठवडाभर रोज मीठ आणि तेल चोळले, आणि त्याशिवाय सुरा म्हणून लावला नाही. जळणाच्या ढिगावरून उचलून इतके लाड करणाऱ्या माणसाचे उपकार मी कसे विसरेन?

त्याचे दुकान मासळीबाजारात, कोपऱ्यावर, नळाच्या शेजारी होते. ओल्या फरशा, मधून वाहणारी गटाराची पन्हळ, डोक्यावर पिवळा दिवा आणि भिंतीशी पाण्याने भरलेले चार टब. तो फक्त नदीतले आणि तळ्यातले मिशाळ मासे विकत असे. दुसऱ्या माशाला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणजे माशाला पाय असते तर. त्यामुळे लोक त्याला मिशीकाका म्हणू लागले. गंमत अशी की तो स्वतः रोज गुळगुळीत दाढीमिशी करून येई. नवीन गिऱ्हाईक मिशीकाकांना शोधत बाजारभर फिरे आणि भल्या मोठ्या मिशांच्या कोळंबीवाल्यापुढे जाऊन उभे राही. कोळंबीवाला म्हणजे आमचा शेजारी. तो वैतागून बोट दाखवी, "ते बघा, तुमचे मिशीकाका. मिशा मी वाढवायच्या आणि नाव त्यांचं."

आमच्या चार टबांत चार जातींचे मासे असत. पडीन सगळ्यांत दांडगा. त्याचा जबडा डोळ्याच्याही मागे फाकलेला, आत बारीक दातांच्या रांगा. त्याचे मांस मऊ आणि तेलकट, सुरा लोण्यातून जावा तसा जाई. शिंगाळ्याचे तोंड चपटे आणि लांबट, मिशा थेट शेपटीकडे पोहोचणाऱ्या. पाठीवरच्या मोठ्या परामागे त्याला आणखी एक मांसल, लुसलुशीत पर असतो आणि त्याच्या टोकाशी एक काळा ठिपका. त्याचे मांस पांढरे आणि घट्ट. मागूर रुंद, चपट्या डोक्याचा. ते डोके इतके कठीण की त्याच्यावर सुरा पडला की माझ्या गाठीपर्यंत दणका बसे. आणि शेवटची शिंगी. बारीक, सडपातळ, दिसायला अगदी गरीब. पण तिच्या दोन्ही बाजूंना एकेक विषारी काटा असतो. तो टोचला तर माणूस कळवळतो. मिशीकाका शिंगी माझ्यावर ठेवत तेव्हा आधी ओल्या फडक्याने तिला दाबून धरत, दोन्ही काटे छाटत आणि मगच पुढचे काम करत.

आता लहान मागूर आणि मोठी शिंगी एका टबात सोडली, तर भले भले फसत. दोघेही काळसर. दोघेही मधूनच वर येऊन हवा गिळणारे. आणि मिशा दोघांनाही आठ. गिऱ्हाइकांना मिशा मोजायची भारी हौस. टबावर वाकून ती "एक, दोन, तीन" करत बसत. मिशीकाका त्यांच्याकडे बघून हसत आणि न मोजता हात घालून हवा तो मासा काढत. कोणी विचारले, हे कसे ओळखता हो, की त्यांचे उत्तर ठरलेले: "अहो, दिसतंच की!" त्यांना खरोखरच दिसत होते. पण दिसते म्हणजे काय दिसते, हे त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही. सांगायची वेळच आली नव्हती.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दुपारी डबा घेऊन येत. दुकानाच्या मागच्या खोलीत एक स्टोव्ह होता. पावसापाण्याच्या दिवसांत त्या तिथेच चार तुकडे शिजवत. मासे शिजवण्यात काकूंचा हात धरणारे कोणी नव्हते. झाकण न उचलता नुसत्या वासावरून त्या सांगत की आज पातेल्यात पडीन आहे, जरा बेताने ढवळा, नाहीतर विरघळेल. शिंगाळा तळावा, मागूर मंद आचेवर राहू द्यावा, शिंगीला पाणी थोडे जास्त घालावे, हे सगळे त्यांना तोंडपाठ. पण त्यांच्या हाती मासा यायचा तो डोके, पर आणि कातडी गेलेला, पांढऱ्या तुकड्यांचा. पातेल्यातला मासा त्या डोळे मिटून ओळखत. टबातला मासा ओळखायची पाळी त्यांच्यावर आलीच नव्हती.

मग एका सकाळी शटर उघडले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तीन आठवडे मी अंधारात होतो. माझ्या अंगावर बुरशीचा पांढरा थर आला. शेवटी शटर वर गेले तेव्हा किल्ली काकूंच्या हातात होती. त्यांच्या मागून कोळंबीवाल्याने मिशीकाकांना खुर्चीवर बसवून आणले. त्यांना झटका आला होता. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेले. बोलणे गेले होते. सगळे शब्द गेले, फक्त एक उरला होता, आणि तो कोणता, हे मला त्याच दिवशी कळले.

काकूंनी मला मिठाने घासले, वाळवले, आणि कंबर कसून दुकान सुरू केले. हौस म्हणून नव्हे. त्या कोळंबीवाल्याला म्हणाल्या, की ह्यांना घरात भिंतीकडे बघत बसवलं तर महिन्याभरात संपतील, इथे माणसं दिसतील, मासे दिसतील. त्यांना दुकान चालवायचे होते ते नवऱ्याला जगवण्यासाठी. माझ्यावर सुरा कसा धरायचा हे त्या चार दिवसांत शिकल्या. पण टबापुढे उभ्या राहिल्या की मागूर कोणता आणि शिंगी कोणती, ते त्यांना कळेना. त्या बिचाऱ्या गिऱ्हाइकांसारख्याच वाकून मिशा मोजत.

आणि त्या मोजायला लागल्या की खुर्चीतून आवाज येई, "पाठ."

"दुखतेय का हो?" असे म्हणून काकू धावत. पाठीमागे उशी ठेवत. दुसऱ्या दिवशी त्या तेलाची बाटलीच घेऊन आल्या. मिशीकाका पुन्हा म्हणत, "पाठ," आणि काकू सदरा वर करून तेल चोळत. कोळंबीवाल्याने आपला कमरेचा पट्टा आणून दिला. समोरच्या बर्फवाल्याने शेक द्यायला गरम पाण्याची पिशवी दिली. डॉक्टरांनी तपासून एक मलम लिहून दिले. एका माणसाच्या पाठीसाठी अख्खा बाजार राबत होता, आणि ज्याची पाठ होती तो मात्र लालबुंद होऊन डावा हात खुर्चीवर आपटत होता. एकदा तर त्यांनी उशी उचलून थेट पडीनच्या टबात फेकली. सगळे म्हणाले, दुखणे फारच वाढलेले दिसते.

असे दोन महिने गेले. मग शिवणताई आल्या. त्यांचे बाजाराच्या तोंडाशी शिवणाचे दुकान होते आणि त्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या घरी बहीण आणि मेहुणे जेवायला यायचे होते. त्यांना दोन लहान मागूर जिवंत हवे होते, म्हणजे दुसऱ्या दिवशी घरीच ताजे कापता येतील. काकूंनी टबात पाहिले. त्या दिवशी मागूर आणि शिंग्या एकाच टबात आल्या होत्या. काकूंनी दोनदा मोजले. आठ मिशा भरल्या. खुर्चीतून "पाठ, पाठ" चालले होते. त्यांनी "आलेच हं" म्हणत दोन मासे जाळीने उचलून शिवणताईंच्या बादलीत सोडले आणि तेलाची बाटली उघडली.

मी पाहिले होते. त्या दोन्ही शिंग्या होत्या. पण लाकडाला कुठे ओरडता येते? त्या एका दुपारी मला माझ्या मुकेपणाचे जेवढे वाईट वाटले, तेवढे आयुष्यात कधी वाटले नाही.

शिवणताईंनी मागूर समजून बादलीत हात घातला. काटा उजव्या अंगठ्याच्या मुळाशी शिरला. हात कोपरापर्यंत सुजला. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्यावर कळा कमी झाल्या आणि डॉक्टरांनी औषधही दिले. पण कात्री धरायचा अंगठा आठ दिवस तरी वाकणार नव्हता, आणि टेबलावर शाळेचे चाळीस गणवेश कापायचे पडले होते. ही बातमी कोळंबीवाल्याने आणली.

काकू खाली बसल्या. बराच वेळ त्या माझ्या कडेवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी कोळंबीवाल्याला सांगितले की उद्यापासून दुकान बंद, जागा तुम्हीच घ्या. ज्या दुकानात तीस वर्षांत एकही मासा चुकीचा गेला नाही, तिथे आपण दोन महिन्यांत एका बाईचा हात मोडून ठेवला, असे त्या म्हणाल्या. तो म्हणाला, हात मोडला नाही, नुसता सुजलाय. काकूंनी ते ऐकून घेतले नाही. मग त्याने जरा संकोचून विचारले की या ओंडक्याचे काय करायचे, आमच्याकडे जळणाला चालेल. काकू म्हणाल्या, "न्या."

पुन्हा जळण. मला स्वतःसाठी भीती वाटली, खोटे कशाला सांगू? पण त्याहून जास्त भीती खुर्चीतल्या माणसासाठी वाटली. त्यांना सगळे ऐकू येत होते. त्यांनी काहीच म्हटले नाही. तो त्यांचा एक शब्दसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी काकू टब रिकामे करायला आल्या. मिशीकाका खुर्चीत होते. इतक्यात दारात शिवणताई उभ्या राहिल्या, हात गळ्यात बांधलेला. काकूंच्या हातातली बादलीच सुटली. आता ही बाई फाडफाड बोलणार आणि बोलली तरी बरोबरच आहे, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिले होते. त्या हात जोडून काही पुटपुटल्या. शिवणताई म्हणाल्या की भांडायला आले असते तर मेहुण्यांना घेऊन आले असते, ते वकील आहेत.

"मला चावलं कोण, ते तरी बघू द्या," त्या म्हणाल्या. "काकू, मला तो फरक दाखवा. घरी जाऊन बहिणीला सांगायला हवं."

काकूंचे डोळे भरून आले. "फरक मला माहीत असता तर तुमचा हात असा झाला असता का, ताई? मी मोजले होते हो. दोनदा मोजले. आठच मिशा होत्या."

"पाठ," खुर्चीतून आवाज आला.

काकूंनी डोळे पुसले आणि सवयीने उशी उचलली. शिवणताईंनी डाव्या हाताने त्यांना अडवले. त्या मिशीकाकांकडे पाहत होत्या. मिशीकाका त्यांच्याकडे पाहत नव्हते, काकूंकडेही नाही. ते टबाकडे पाहत होते.

"थांबा, काकू. माझ्या दुकानात आम्ही दिवसभर पाठ, पाठ म्हणत असतो. पाठ कापली का, पाठ जोडली का. दुखणाऱ्या पाठीला नाही म्हणत, कपड्याच्या मागच्या भागाला म्हणतो." मग त्या खुर्चीपुढे वाकल्या. "काका, माशाची पाठ म्हणताय का तुम्ही?"

मित्रांनो, मिशीकाकांनी डावा हात इतक्या जोरात मांडीवर मारला की कोळंबीवाला धावत आला. ते रडत होते आणि हसत होते, आणि मान वरखाली, वरखाली हलवत होते.

काकूंनी कोळंबीवाल्याकडून जाळी धरून घेतली. हा मागूर का, ही शिंगी का, असे मिशीकाकांना विचारत, त्यांच्या मानेच्या खुणेने टबातून एक मागूर आणि एक शिंगी काढून, ओल्या फडक्याने नीट दाबून माझ्यावर शेजारी शेजारी ठेवली. तिघेही माझ्यावर वाकले. मिशांकडे कोणीच पाहिले नाही. शिवणताईंनी बोट न लावता दाखवले, "हे बघा. मागूरच्या पाठीला मानेपासून शेपटीपर्यंत सलग झालर लावलीय. आणि हिला? नुसतं एवढंसं ठिगळ."

खरेच तसे होते. मागूरचा पर पाठीवरून लांबच लांब गेलेला, शिंगीचा पर डोक्याच्या थोडा मागे, नखाएवढा. एकदा दिसल्यावर ते न दिसणे अशक्य होते.

काकू कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग नवऱ्याच्या पायाशी बसल्या. "दोन महिने तुम्ही मला शिकवत होतात," त्या म्हणाल्या, "आणि मी तेल चोळत होते."

मिशीकाकांनी डाव्या हाताने त्यांच्या डोक्यावर थोपटले. नंतर कोळंबीवाल्याने आपला कमरेचा पट्टा हळूच उचलून नेला.

त्या दिवशी जेवण दुकानाच्या मागच्या खोलीतच झाले. काकूंनी आधी शिंगीचे काटे छाटले, मग दोन्ही मासे माझ्यावर कापले. कांदा, टोमॅटो, मिरी, मीठ, बस. दोन पातेली, कारण एकात दोन जाती शिजवणे काकूंना मान्य नव्हते. शिवणताईंना मागूरचा तुकडा मिळाला, ज्याच्यासाठी त्या दोन दिवसांपूर्वी आल्या होत्या. तो मऊ, चरबीदार, बोटांना चिकटणारा. शिंगीचे मांस जरा कोरडे, पण तिचा रस्सा गोडसर उतरतो. ज्या मेलीने मला छळले तिला मी सोडते की काय, असे म्हणून त्यांनी तो रस्सा दोनदा घेतला. त्यांचा उजवा हात बांधलेला आणि मिशीकाकांचा उजवा हात निकामी. दोघेही डाव्या हाताने जेवत होते आणि निम्मे अंगावर सांडत होते. काकू दोघांकडे बघून हसल्या. शटर उघडल्या दिवसापासून त्या पहिल्यांदा हसल्या.

दुकान बंद झाले नाही आणि मीही जळणाला गेलो नाही. काकू पुढे चारही जाती ओळखायला शिकल्या. पडीनला जबड्यावरून, शिंगाळ्याला त्या दुसऱ्या पराने आणि काळ्या ठिपक्याने. शिवणताईंचे गणवेश काकू आणि कोळंबीवाल्याच्या बायकोने त्यांच्या खुणांवरून कापून दिले. त्यातल्या तीन गणवेशांच्या बाह्या आखूड निघाल्या, पण हिशेब फिटला असे शिवणताई म्हणाल्या. बरे झाल्यावर त्यांनी उरलेल्या कापडांचे चार मासे शिवून एका पडद्यावर टाचले. मागूरला खरी झालर, शिंगीला खरे ठिगळ. तो पडदा टबांवर टांगला. शाळेतली मुले तो बघायला येत आणि घरी जाऊन आईवडिलांना मासे ओळखून दाखवत.

मिशीकाका पुढे नऊ वर्षे त्या खुर्चीत बसले. त्यांचे शब्द एकेक करून परत आले, पण फार नाही. दुसरा आलेला शब्द होता "अगं." तो आला त्या दिवशी काकूंनी बाजारात सगळ्यांना चहा पाजला.

आता ते नाहीत. काकू थकल्या आहेत आणि दुकान त्यांची भाची चालवते. तिने स्टीलचे टेबल आणले आहे, आणि तिचे बरोबरच आहे, ते धुवायला सोपे पडते. मी मागच्या खोलीत असतो. माझ्यावर पाण्याची घागर ठेवतात, कधी ओल्या चपलासुद्धा. माझ्या मध्यावर वाटीएवढा खड्डा पडलाय आणि एका बाजूला चीर गेली आहे. तरी महिन्यातून एकदा काकू काठी टेकत येतात, मला मिठाने घासतात आणि सावलीत उभा करून वाळवतात. उन्हात वाळवलेले लाकूड फाटते, हे त्यांना ठाऊक आहे. तुमच्या घरी पोळपाट, पाट, काही लाकडाचे असेल, तर तुम्हीही त्याची एवढी काळजी घ्या.

आणि एक मागणे आहे. ताटात मासा आला तर त्याचे नाव विचारा. तो कोणी ओळखला, कोणी काटे काढले, कोणी शिजवला, त्याची आठवण ठेवा. आणि तुमच्या घरात, शेजारात कोणाचे बोलणे आजाराने एका शब्दावर येऊन थांबले असेल, तर तो शब्द आपल्याला कळला असे लगेच समजू नका. उशी आणायला धावण्याआधी तो माणूस कुठे बघतोय ते बघा. त्याच्याजवळ थोडे जास्त थांबा.

माझ्याजवळ तर तेवढा एक शब्दही नाही. तरी तुम्ही माझे इतका वेळ ऐकलेत. मी तुमचा फार आभारी आहे.